केडगावचा ताळेबंद

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिमिशन तेथलेच. बाईंच्या विद्वत्तेविषयी आणि धर्मांतराविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. शेकडो मुलींचा हा संसार त्यांनी कोणाच्या भरवशावर चालविला, हा प्रश्न मात्र मागे पडला. आज तेवढाच आपल्यापुढे ठेवतो.

देव आणि पैसा हे दोन धनी एका माणसाला करता येत नाहीत, असे ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात बजावले. हे ऐकायला सोपे आहे. रोजच्या पंगतीला शेकडो पाने मांडावी लागतात, त्यालाच त्यातली अडचण कळते.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. मदतीमागे एक करार होता: सदनात कोणावरही धर्माची सक्ती होणार नाही. पण बाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आणि १८९३ साली गहजब झाला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार पोकळ नव्हती. त्यांनी मुली शब्दावर विसंबून पाठविल्या होत्या. पैसा एकीकडून, विश्वास दुसरीकडून आणि श्रद्धा स्वतःची, अशा तिहेरी ओढीत बाई सापडल्या.

दहा वर्षांची मुदत सरत आली तशी बाईंनी व्यवहारी तोड काढली. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग करावी, उत्पन्नावर सदन चालवावे, असा बेत होता. कोणाही शहाण्या गृहस्थाने हेच केले असते.

इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाईंचे आईवडील व बहीण मद्रास इलाख्यातील दुष्काळात उपासमारीने गेले होते; भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. वचनाची मुदत संपत आलेली, बाग अजून हाताशी आलेली नाही, आणि खाणारी तोंडे एकदम वाढलेली! १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर तर ही संख्या १,९०० च्या घरात गेली.

हे धाडस आले कोठून? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र बाईंनी वाचले होते. या जर्मन गृहस्थाने १८३६ साली भाड्याच्या घरात अनाथगृह काढले आणि पुढे दोन हजारांवर मुलांची सोय केली. त्याचे नियम तीन: कोणापुढे हात पसरायचा नाही, कर्ज काढायचे नाही आणि आलेल्या पैन् पैचा हिशेब छापायचा. टीकाकार म्हणत, हे छापील हिशेब हेच त्याचे मागणे. आक्षेप अगदीच खोटा नाही. बाईंचेही तसेच. १८९८ साली त्या अमेरिकेस जाऊन आल्या, तेथील मंडळाची पुनर्रचना झाली आणि मदत चालू राहिली. केडगावात माग होते, तेलघाणा होता, छापखाना होता. मुली हातांनी कमावीत होत्या.

मग देवावरचा भरवसा म्हटला तो कोठे? माझ्या मते तो क्रमात आहे. आधी तिजोरी पाहावी, मग दार उघडावे, ही आपली रीत. बाईंनी दार आधी उघडले व हिशेब मागाहून, पण चोख, ठेवला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या मथळ्यातच त्यांनी अक्षय ठेव्याचा उल्लेख केला, तो बँकेतील ठेवीचा नव्हे.

एक गोष्ट मात्र इतिहासाने नोंदविलीच पाहिजे. दात्यांची अट सुटली तशी केडगाव उघड ख्रिस्ती झाले आणि दुष्काळातून आलेल्या मुलींमागे तक्रार करणारे पालक नव्हते. देवावर भरवसा ठेवणारा पैशाच्या धाकातून सुटतो. आश्रिताच्या मनाविषयीची त्याची जबाबदारी मात्र सुटत नाही, उलट वाढते. त्या मुली जगल्या, शिकल्या, ही या ताळेबंदाची जमेची बाजू आहे. दुसरी बाजूही कोरी नाही. दोन्ही वाचूनच त्यावर सही करावी.