ब्रिगिदची विसावी रात्र

घोंगडी घट्ट लपेटून घ्या, थंडी बोचरी आहे. साल ११८५, गाव आयर्लंडमधलं किल्डेर. समोर काटक्याकुटक्यांचं गोल कुंपण दिसतं ना? बाई असाल तर आत या. बुवा असाल तर बाहेरच थांबा. एका नॉर्मन सरदाराच्या तिरंदाजानं कुंपण ओलांडून आतल्या अग्नीवर फुंकर घातली, तर त्याला वेड लागलं आणि तो भेटेल त्याच्या तोंडावर फुंकत सुटला, असं वेल्सचा पाद्री जेराल्ड लिहितो. जेराल्डला असल्या गोष्टींचा भारी सोस. कितपत विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

अग्नी संत ब्रिगिदचा. तिला जाऊन साडेसहाशेच्या वर वर्षं झाली. एकोणीस जोगिणी पाळीपाळीनं रात्रभर तो राखतात. तोंडानं फुंकायचं नाही. भाता चालतो, सूपही चालतं. आज विसावी रात्र. जोगीण लाकडं रचते, आजची पाळी तुझी असं ब्रिगिदला बजावते आणि खुशाल झोपायला जाते.

गावात बायकांना नावं विचारत फिरा. ब्रिगिद भेटणं कठीण. इतकं थोर नाव पोरीला ठेवायला माणसं धजत नाहीत. आपण देवांची नावं मुलांना बिनधास्त देतो, तेवढंच नामस्मरण. इथे उलटा धाक. पुरुष मात्र भेटेल माएल ब्रिग्ते, म्हणजे ब्रिगिदचा दास.

आणखी मागे, ९००च्या सुमाराला गेलात, तर कॉरमॅकच्या जुन्या आयरिश शब्दकोशात ब्रिगिद याच नावाची कवींची देवी आहे. तिच्या दोन बहिणींचं नावही तेच: एक वैद्यकीची, एक लोहारकीची. नावाचा अर्थ उंच, थोर. आपल्या ‘बृहती’चं मूळही तेच.

आता एकदम न्यूयॉर्कला उतरा, एकोणिसाव्या शतकात. धाक केव्हाच सरलाय. दुष्काळातून निघालेल्या आयरिश पोरी घरोघरी राबताहेत आणि ब्रिजेट, बिडी ही नावं मोलकरणीची म्हणूनच ओळखली जाताहेत. व्यंगचित्रांतली बिडी बशा फोडते, मालकिणीवर खेकसते. देवीच्या नावाची एवढी घसरण झाल्यावर लेकींना ते ठेवायला आया कचरू लागल्या, यात नवल नाही. या वेळचं कारण मात्र शरम.

परत आपल्या काळात या. २०२३पासून आयर्लंडला ब्रिगिदच्या नावानं सार्वजनिक सुट्टी असते. तिथली बाईच्या नावाची ही पहिलीच. सण १ फेब्रुवारीचा, सुट्टी बहुधा पहिल्या सोमवारी. शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी कोणाला नको असते!