मॅटरहॉर्न
मॅटरहॉर्न : आल्प्स पर्वताच्या पेनाइन रांगेतील, स्वित्झर्लंड–इटली सरहद्दीवरील शिखर. उंची ४,४७८ मी. जर्मन ‘मॅट’ (कुरण) व ‘हॉर्न’ (शिंग) यांवरून हे नाव पडले. इटालियन नाव मोंते चेर्व्हीनो. आफ्रिकेकडील भूपट्ट यूरोपवर सरकल्याने माथ्याचे पट्टिताश्म प्राचीन महासागरी खडकांवर येऊन बसले (→ आल्प्स). हिमनद्यांनी चहूबाजूंनी कोरल्यामुळे त्यास चार धारांचा सुळक्यासारखा आकार आला (→ हिमनदी).

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर व सहा सहकारी हर्नली धारेने प्रथम माथ्यावर पोहोचले. उतरताना अननुभवी डग्लस हॅडो घसरला. त्याच्या धक्क्याने मीशेल क्रो, चार्ल्स हडसन व फ्रान्सिस डग्लस ओढले गेले आणि दोर तुटून चौघेही उत्तर कड्यावरून कोसळले. व्हिंपर व टाउगवाल्डर पितापुत्र बचावले. गिर्यारोहणाच्या इतिहासातील ही एक बहुचर्चित दुर्घटना होय (→ गिर्यारोहण). तीनच दिवसांनी झां-आंत्वान कारेल याने इटलीच्या बाजूने शिखर गाठले. लूसी वॉकर ही येथे पोहोचलेली पहिली स्त्री (१८७१). उत्तर कडा फ्रान्झ व टोनी श्मिट या बंधूंनी १९३१ मध्ये सर केला.

हर्नली धार हाच आजचा रुळलेला मार्ग. ३,२६० मी. उंचीवरील निवाऱ्यातून आरोहक पहाटेपूर्वी निघतात. ढासळते दगड व दुपारची वादळे हे मुख्य धोके. १८६५ चा तुटका दोर झेरमाट येथील संग्रहालयात जतन केला आहे.