दोन नोंदवह्या

सावद्याच्या शाळेत मी शिक्षक होतो. १९९० नंतरच्या एका पावसाळ्यात, केळीचे घड ट्रकमध्ये भरणाऱ्या पालावरच्या एका पारधी पोराला संशयावरून उचलले गेले. एका ठाण्याच्या कोठडीत तो दोन रात्री होता. कागदावर वय लिहिले होते १९. तो माझ्या वर्गातला. आमच्या जनरल रजिस्टरप्रमाणे त्याला पंधरावे सुरू होते. त्याचा आजा दाखला मागायला आला. म्हणाला, "गुरुजी, मीबी ल्हानपनी तारंच्या आत व्हतो. तवा कुनी वय इचारलं न्हाई."

त्याचे बालपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये गेले होते.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या आपल्या समाजव्यवस्थेला तो मुळीच परका वाटला नाही. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या तोडण्याला 'सुधारणा' म्हणत. हा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. हजेरीची नोंदवही मिटली. संशय मात्र मिटला नाही.

तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयाने आदेश दिले आणि त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलग्यासाठी मर्यादा १६ वर्षांची होती. २००० साली ती १८ झाली. २०१५ च्या कायद्याने मात्र अतिगंभीर गुन्ह्यात १६ ते १८ च्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. आईपासून तोडायचे होते तेव्हा अठरापर्यंतचा पोरगा मूल ठरला; शिक्षेची वेळ आली की सोळाव्या वर्षीच तो बाप्या ठरू शकतो.

तरीही याच कायद्यात आपल्या हाती येणारे हत्यार आहे. मुलाला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी.

त्या पोराची जन्मतारीख मीच घातली होती, १ जून. पालावरच्या बहुतेक पोरांना आम्ही हीच तारीख देत असू. साल अंदाजाने. त्या अंदाजाने तो कोठडीतून निरीक्षणगृहात गेला, पुढे सुटला. शाळेत परतला नाही, आणि मीही पालावर विचारायला गेलो नाही. ही खंत माझी आहे.

कार्यकर्त्यांनो, शिक्षकांनो, मोर्चा काढायचा तेव्हा जरूर काढा. पण जूनमध्ये आधी पालावर जा आणि आईला विचारून पोराचे खरे साल लिहा. ज्याचे नाव शाळेच्या वहीत नाही, त्याचे वय ठाण्याच्या वहीत ठरते.