बाहेरून आणलेला हुकमी एक्का

भडगाव-पाचोरा पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागल्या की टपरीवर चौकशी एकच: यंदा त्यांनी बाहेरून कोण आणलाय? तगडा षटकारवाला आणला की चषक आलाच, अशी समजूत. मग तो पोरगा दोन षटकांत तीस धावा कुटतो आणि त्याच्याच संघाचे गोलंदाज त्या उधळून टाकतात. असं का होतं, याचा पद्धतशीर विचार करणारं अभ्यासक्षेत्र आता चांगलं रुळलं आहे. त्यात पहिल्यांदाच डोकावणाऱ्या वाचकाचं स्वागत. खेळ कळतो एवढी तयारी पुरे. संख्याशास्त्राची धास्ती नको.

अडचण अशी, की संघ जिंकला तर श्रेय खेळाडूचं किती आणि प्रशिक्षकाचं किती, हे सहसा सुटं करता येत नाही. दोघं बरेचदा एकाच वर्षी येतात. म्हणून अभ्यासक अशी उदाहरणं शोधतात, जिथे खेळाडू तोच राहिला आणि शिकवणारा बदलला. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. जो बरो हा क्वार्टरबॅक २०१८ मध्ये ओहायो स्टेट सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. त्या हंगामात त्याने १६ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. पुढच्या वर्षी पासिंगची आखणी करायला जो ब्रेडी आला आणि आकडा ६० वर गेला; संघ अजिंक्य ठरला. सहकारीही वर्षभरात मुरले होते, हे खरं. तरी एवढी उडी नुसत्या मुरण्याने मारता येत नाही, असं माझं मत.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. मुंबईचा वसीम जाफर २०१५-१६ मध्ये विदर्भाकडे गेला. रणजीत धावांचे डोंगर रचलेला माणूस, पण त्या हंगामात विदर्भ उपांत्यपूर्व फेरीत थांबला. तिथपर्यंत तर तो जाफरशिवायही आदल्या वर्षी पोहोचला होता. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. शिस्तीला कडक, प्रसंगी जाचक वाटावेत इतके. त्याच हंगामात विदर्भाने इंदूरमध्ये दिल्लीला ९ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक उचलला.

आता धावफलक जवळून पाहा. त्या मोसमात जाफरच्या धावा ५९५, तर नागपूरच्याच फैज फझलच्या ९१२. कोलकात्यातल्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला १९८ हव्या होत्या. रजनीश गुरबाणीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले आणि विदर्भ ५ धावांनी निसटला. अंतिम सामन्यात त्याने हॅट्‌ट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळे. अक्षय वाडकरने शतक ठोकलं. म्हणजे प्रशिक्षक बदलल्याची खूण आयात केलेल्या ताऱ्यापेक्षा घरच्या पोरांत जास्त ठळक दिसते. पुढच्या हंगामात जाफरने १०३७ धावा काढल्या आणि करंडक विदर्भाकडेच राहिला. पण अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेणारा आदित्य सरवटे होता. अनेक दिवसांचा सामना निर्णायकपणे जिंकायला सहसा २० बळी घ्यावे लागतात, आणि ते काम कुठलाही फलंदाज करू शकत नाही.

पंडितांची स्वतःची कथा तर अभ्यासकाला आयतीच मिळाल्यासारखी. खेळाडू म्हणून तेही मुंबई सोडून मध्य प्रदेशकडे गेले होते आणि कर्णधार असताना १९९८-९९ चा अंतिम सामना बंगळूरमध्ये हरले. त्याच मैदानावर २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशला करंडक मिळवून दिला, तोही मुंबईला हरवून.

उलट बाजूचा पुरावाही पुढे यायला हवा. पुण्याचा हृषीकेश कानिटकर राजस्थानकडे गेला, सोबत आकाश चोप्रा. आणि प्लेट या खालच्या गटातून खेळणाऱ्या त्या संघाने २०१०-११ मध्ये थेट रणजी जिंकली. इथे अनुभवी पाहुणेच मैदानावरचे शिक्षक झाले, असं म्हणायला जागा आहे. अशा खेळाडूला कुठल्या रकान्यात घालायचं, यावर पुढे बरीच वादावादी वाचायला मिळेल.

भडगावच्या वाचकाला तर घरचाच प्रयोग पाहता येईल. आपला जिल्हा ज्या महाराष्ट्र संघात मोडतो, त्याचं शेवटचं रणजी अजिंक्यपद १९४०-४१ चं, दि. ब. देवधरांच्या काळातलं. २०२५ मध्ये या संघात पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना आले. शॉच्या धावा सगळेच मोजतील. तुम्ही सहाव्या-सातव्या क्रमांकाचा फलंदाज आणि तिसरा वेगवान गोलंदाज यांचे आकडे वहीत मांडा, हंगामागून हंगाम.