नौकाधिकारी प्रशिक्षण, फिलिपीन्समधील

व्यापारी जहाजावरील कप्तान, चीफ मेट, चीफ इंजिनिअर व सेकंड इंजिनिअर या चार पदांना आंतरराष्ट्रीय सागरी परिभाषेत व्यवस्थापन-स्तरीय पदे म्हणतात. फिलिपीन्समध्ये या पदांचे सक्षमता प्रमाणपत्र मिळविण्यासाठी ठराविक सागरी सेवा व परीक्षा यांबरोबरच मान्यताप्राप्त संस्थेतील एक स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करणे सक्तीचे आहे. वरवर पाहता ही केवळ एक प्रशासकीय अट वाटते. तथापि तिच्यामागे सु. दोन शतकांचा इतिहास आहे. जगाच्या जहाजांना सर्वांत अधिक माणसे पुरविणाऱ्या या देशाला जहाजावरील हुकमतीच्या जागा कशा मिळाल्या आणि त्या टिकविण्यासाठी त्याला काय करावे लागले, हा त्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

फिलिपिनो लोकांचा दूरच्या सागरी प्रवासाशी संबंध जुना आहे. मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को यांच्या दरम्यान १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश गॅलिअन जहाजांचा व्यापार चालला. ही जहाजे मुख्यतः काविते येथे वेठीच्या मजुरीने बांधली जात व त्यांवरील खलाशांत स्थानिक लोकांचा भरणा मोठा असे. अधिकारी मात्र स्पॅनिश असत. गॅलिअन व्यापार बंद पडल्यानंतर पाच वर्षांनी, १८२० मध्ये, मनिलाच्या व्यापारी मंडळाच्या पुढाकाराने तेथे नौकानयन विद्यालय सुरू झाले. एकाधिकाराचा व्यापार संपून खाजगी जहाजांचा काळ येत होता व त्यांना सुकाणू सांभाळणारी जाणती माणसे हवी होती. अमेरिकी अंमलात १८९९ मध्ये हे विद्यालय नव्याने उघडण्यात आले. पुढे १९६३ च्या कायद्याने त्याचे रूपांतर फिलिपीन्स व्यापारी नौदल अकादमीत झाले. आशियातील जुन्या नौकानयन विद्यालयांत तिची गणना होते.

विद्यालय जुने असले, तरी खलाशी व अधिकारी यांच्यातील दरी त्यामुळे बुजली नाही. वसाहतींच्या काळात ही स्थिती इतरत्रही आढळते. मुंबई बंदरातून ब्रिटिश आगबोटींवर जाणाऱ्या कोकणातील खलाशांना सारंग वा तांडेल यांपलीकडे बढती सहसा मिळत नसे. भारतीय तरुणांना अधिकारीपदासाठी तयार करणारी ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका मुंबईत १९२७ मध्ये सुरू झाली, ती दीर्घ मागणीनंतरच. फिलिपीन्सने विद्यालय शंभर वर्षे आधी काढले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

फिलिपिनो नाविकांची संख्या खऱ्या अर्थाने वाढली ती १९७० नंतरच्या दशकात. इंधनाच्या दरवाढीने व मंदीने त्रस्त झालेल्या यूरोपीय व जपानी जहाजमालकांना कमी वेतनावरील, इंग्रजी जाणणारे नाविक हवे होते. फिलिपीन्समध्ये त्या वेळी लष्करी कायदा जारी होता आणि बेरोजगारी व परकीय चलनाची टंचाई या दोन्ही अडचणी सरकारपुढे होत्या. १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरी हे राष्ट्रीय धोरणच बनविले व नाविकांच्या भरतीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी सागरी उद्योग प्राधिकरण निर्माण झाले. ‘मरिना’ या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जाते. १९७८ मध्ये लेते बेटावरील ताक्लोबान येथे शासकीय राष्ट्रीय सागरी तंत्रनिकेतन स्थापण्याचा निर्णय झाला. याच सुमारास खाजगी नौकानयन महाविद्यालयांचे पेवही फुटले. त्यांपैकी काही उत्तम होती. काहींजवळ मात्र फळा व खुर्च्या यांपलीकडे फारसे साहित्य नव्हते. या वेगाने तयार झालेल्या नाविकांना मागणी होती ती प्रामुख्याने डेकवरील व इंजिन-रूममधील कामांसाठी.

याच काळात सागरी प्रशिक्षणाला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली. ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकांवर आदळले. त्यानंतर जहाजाच्या बांधणीइतकेच जहाज चालविणाऱ्यांच्या योग्यतेकडेही लक्ष वेधले गेले. नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व पहारा यांच्या मानकांविषयीचा करार लंडन येथे ७ जुलै १९७८ रोजी संमत झाला व २८ एप्रिल १९८४ पासून अंमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एसटीसीडब्ल्यू करार म्हणतात. फिलिपीन्स १९८४ मध्येच त्यात सामील झाले. परंतु या करारात एक मोठी उणीव होती. अनेक बाबतींत उमेदवाराची योग्यता संबंधित देशाच्या प्रशासनाचे समाधान होईल अशी असावी, एवढेच त्यात म्हटले होते. प्रत्येक देशाचे समाधान वेगवेगळ्या गोष्टींनी होत असल्याने एकाच नावाच्या प्रमाणपत्रांना बंदरोबंदरी निराळी किंमत येऊ लागली.

१९९५ मध्ये करारात केलेल्या दुरुस्त्यांनी ही उणीव बरीचशी भरून काढली. त्या १९९७ पासून लागू झाल्या. नुसत्या ज्ञानाऐवजी प्रत्यक्ष सक्षमता दाखविणे आवश्यक ठरले व जहाजावरील कामाचे साहाय्यक, कार्यकारी व व्यवस्थापन असे तीन स्तर पाडण्यात आले. कार्यकारी व व्यवस्थापन या स्तरांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. पहाऱ्यावरील कनिष्ठ अधिकारी आखून दिलेल्या मार्गावर जहाज सुरक्षित ठेवतो. तो मार्ग आखण्याची, हवामान पाहून बदलण्याची व चुकल्यास उत्तर देण्याची जबाबदारी वरिष्ठांची असते. फिलिपीन्स येथून निर्यात होणाऱ्या निकेलच्या धातुकाचे उदाहरण घेता येईल. हा माल कोरडा दिसतो, परंतु त्यातील ओलावा ठराविक मर्यादेपलीकडे असल्यास लाटांच्या हेलकाव्यांनी तो चिखलासारखा पातळ होऊन एका बाजूस सरकतो व जहाज अल्पावधीत कलंडते. अशी जहाजे माणसांसह बुडाली आहेत. तो माल नाकारावा की भरावा हा निर्णय चीफ मेट व कप्तान यांनाच घ्यावा लागतो, आणि तोही धक्क्यावर माल पाठविणाऱ्याचा माणूस घाई करीत उभा असताना.

डेकवरील अधिकाऱ्यांच्या व्यवस्थापन-स्तरीय अभ्यासक्रमात म्हणूनच तीन कार्ये येतात : नौकानयन, मालाची हाताळणी व रचना, आणि जहाजाच्या कार्याचे नियंत्रण व त्यावरील माणसांची काळजी. प्रवासाचे नियोजन, होकायंत्रातील चुकांची दुरुस्ती, सागरी हवामानाचा अंदाज, जहाजाचा समतोल व त्याच्या सांगाड्यावरील ताण, शोध व बचाव कार्याचा समन्वय, आणीबाणीतील उपाय व सागरी कायदा हे त्यांतील प्रमुख विषय होत. इंजिन विभागासाठी सागरी अभियांत्रिकी, विद्युत् व नियंत्रण अभियांत्रिकी, देखभाल-दुरुस्ती व जहाजाच्या कार्याचे नियंत्रण अशी चार कार्ये आहेत. याखेरीज सागरी सेवेची अट असते. ३,००० वा अधिक सकल टनभाराच्या जहाजावर चीफ मेट होण्यासाठी पहारा-अधिकारी म्हणून किमान १२ महिने, तर कप्तान होण्यासाठी ३६ महिने सेवा लागते. त्यांपैकी १२ महिने चीफ मेट म्हणून झाले असल्यास २४ महिने पुरतात. ३,००० किलोवॉट वा अधिक शक्तीच्या इंजिनांवरील अभियंत्यांनाही साधारणतः अशीच गणना लागू आहे.

कागदावरील अट व समुद्रावरील वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकते, याचा भीषण प्रत्यय फिलिपीन्सला घरातच आला होता. २० डिसेंबर १९८७ रोजी ‘दोन्या पाझ’ हे प्रवासी जहाज व ‘व्हेक्टर’ हे तेलवाहू जहाज यांची ताब्लास सामुद्रधुनीत टक्कर झाली. तेलाने पेट घेतला. अधिकृत आकड्यानुसार ४,३८६ माणसे मृत्युमुखी पडली. केवळ २६ वाचली. ‘दोन्या पाझ’ला सु. १,५०० प्रवाशांची परवानगी होती. शांततेच्या काळातील ही सर्वांत मोठी सागरी दुर्घटना मानली जाते. चौकशी मंडळाने ‘व्हेक्टर’ला दोषी ठरविले. त्या जहाजाजवळ वैध परवाना नव्हता. योग्य अर्हतेचा कप्तान व टेहळणी करणारा माणूस यांचीही उणीव होती. ही दोन्ही जहाजे देशांतर्गत वाहतुकीतील असल्याने आंतरराष्ट्रीय कराराशी त्यांचा थेट संबंध नव्हता, हे खरे. पण प्रमाणपत्र हा निव्वळ कागद नव्हे, हे सांगण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात फिलिपीन्सपुढील अडचण वेगळी होती. १९९५ च्या दुरुस्त्यांची पूर्तता करणाऱ्या देशांची यादी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००० मध्ये मंजूर केली. तीतील ७१ देशांत फिलिपीन्सचेही नाव होते. देशात मात्र कारभार विखुरलेला होता. महाविद्यालये उच्च शिक्षण आयोगाकडे, अल्प मुदतीचे अभ्यासक्रम १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सागरी प्रशिक्षण परिषदेकडे, परवाना परीक्षा व्यवसाय-नियमन आयोगाकडे व इतर काही बाबी मरिनाकडे होत्या. १९९८ च्या व्यापारी नौकाधिकारी कायद्याने परीक्षा मंडळांची नव्याने घडी बसविली, पण सत्तेची वाटणी कायम राहिली. एकाच चीफ मेटला एका कार्यालयातून परवाना व दुसऱ्या कार्यालयातून प्रमाणपत्र घ्यावे लागे. या कार्यालयांत अडकलेला वेळ त्याच्या रजेतून जाई.

यूरोपीय सागरी सुरक्षा संस्थेने २००६ पासून केलेल्या तपासण्यांत नेमके हेच दोष पुढे आले. शिक्षणसंस्थांवरील देखरेख, सिम्युलेटरसारखी साधने, परीक्षेची पद्धत व विविध कार्यालयांतील समन्वय यांबाबत वारंवार आक्षेप घेण्यात आले. यूरोपीय संघाने फिलिपीन्सच्या प्रमाणपत्रांची मान्यता काढून घेतली असती, तर त्या देशांच्या ध्वजाखालील जहाजांवर नव्या फिलिपिनो अधिकाऱ्यांना जागा मिळणे अशक्य झाले असते. अधिकाऱ्यांच्या बाबतीतच ही टांगती तलवार होती, ही बाब महत्त्वाची आहे. खलाशांची मागणी स्वस्त श्रमावर टिकून राहिली असती. कप्तानाची मागणी त्याच्या देशाच्या सहीवरील विश्वासावर अवलंबून असते.

योगायोग असा, की करारातील पुढील मोठ्या दुरुस्त्या जून २०१० मध्ये मनिला येथेच संमत झाल्या व त्या मनिला दुरुस्त्या म्हणूनच ओळखल्या जातात. १ जानेवारी २०१२ पासून त्या लागू झाल्या. इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांचा वापर, एक हजार व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या विद्युत् यंत्रणा आणि नेतृत्व व व्यवस्थापन कौशल्य यांचा वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आवश्यक अर्हतांत समावेश झाला. जुन्या प्रमाणपत्रधारकांना पाच वर्षांची सवलत होती. यजमान देशाला आपला विस्कळित कारभार आता आवरणे भाग होते. २०१२ च्या अध्यक्षीय आदेशाने व पुढे मार्च २०१४ च्या कायद्याने कराराच्या अंमलबजावणीचे सर्व अधिकार परीक्षांसह मरिनाकडे एकवटण्यात आले.

या सुधारणांचा भार कोणावर पडला, हे पाहिले पाहिजे. फिलिपिनो अधिकारी बहुधा ठराविक मुदतीच्या करारावर काम करतो. करार संपून तो घरी आला, की नियमित वेतन थांबते; शिवाय जहाजावर असताना वेतनाचा किमान ८० टक्के भाग त्याने घरी पाठवावा, असा सरकारी प्रमाणित करारनाम्याचा दंडक आहे. म्हणजे पुढच्या पदासाठी लागणारा अनेक आठवड्यांचा अभ्यासक्रम तो बिनकमाईच्या दिवसांत करतो. राहणे-जेवणे आलेच, कारण बहुसंख्य प्रशिक्षण संस्था मनिला परिसरात आहेत व नाविक मात्र इलोइलो, सेबू, बोहोल अशा दूरच्या भागांतून येतात. काही कंपन्या खर्च उचलतात. इतरांच्या बाबतीत तो उधारीने भागविला जातो. वर्षानुवर्षे वरिष्ठ पदावर काम केलेल्यांनाही नव्या नियमांनुसार पुन्हा वर्गात बसावे लागले, तेव्हा त्यांच्यातील नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या पडद्यावर चुकीचे प्रमाण निवडल्यास उथळ भाग दिसेनासा होऊ शकतो व जुन्या अनुभवाने ही चूक आपोआप टळत नाही, हेही तितकेच खरे. दोष अटीत नसून तिचा खर्च व्यक्तीवर टाकण्याच्या पद्धतीत आहे.

खाजगी क्षेत्रातही काही भरीव प्रयत्न झाले. अधिकारी व नाविकांच्या मोठ्या कामगार संघटनेने १९९८ मध्ये बाताआन प्रांतातील मारिवेलेस येथे आशिया-पॅसिफिक सागरी अकादमी स्थापन केली. एका जपानी जहाज कंपनीने स्थानिक भागीदाराबरोबर २००७ मध्ये लागूना प्रांतात अशीच संस्था काढली. जहाजमालकांना आता केवळ हात नव्हे, तर पुढील काळातील कप्तान हवे होते, हे यावरून दिसते. आंतरराष्ट्रीय नौवहन संघटनांच्या २०२१ च्या अहवालात जगातील नाविकांची संख्या सु. १८·९ लाख दिली असून त्यांत अधिकारी सु. ८·५७ लाख आहेत. मनुष्यबळ पुरविणाऱ्या पहिल्या पाच देशांत फिलिपीन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन व भारत यांचा समावेश होतो.

यूरोपीय आक्षेपांचा निकाल लागण्यास आणखी काही वर्षे गेली. २०२० च्या तपासणीनंतर यूरोपीय आयोगाने २०२१ च्या अखेरीस पुन्हा इशारा दिला. अखेर ३१ मार्च २०२३ रोजी फिलिपीन्सने केलेल्या सुधारणा लक्षात घेऊन प्रमाणपत्रांची मान्यता चालू ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्या वेळी यूरोपीय संघातील देशांच्या ध्वजाखालील जहाजांवर सु. ५०,००० फिलिपिनो कप्तान व अधिकारी काम करीत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये फिलिपिनो नाविकांच्या हक्कांची सनद ठरणारा कायदा मंजूर झाला व त्यात प्रशिक्षणाच्या हक्काचाही अंतर्भाव करण्यात आला. अधिकारीपदाच्या शिडीची पहिली पायरी मात्र अजून अवघड आहे. पदवीसाठी लागणारी जहाजावरील उमेदवारी सर्व विद्यार्थ्यांना मिळत नाही आणि ती न मिळाल्याने अनेक जण वर्गातील शिक्षण पुरे करूनही खलाशी म्हणूनच समुद्रावर जातात.