संगीतशास्त्र शाळेंत कसें आलें

रत्नागिरीच्या एखाद्या माध्यमिक शाळेंतील मुलगी वही उघडून पाठ करूं लागते : भूप रागाचा थाट कल्याण, जाति औडव, वर्ज्य स्वर मध्यम व निषाद, वादी गंधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर. घरांतील मंडळींना त्यांत नवल वाटत नाहीं. व्याकरणाची उजळणी चालावी तशीच ही उजळणी. परंतु, श्रोतेहो, ही वही वाटते तितकी साधी नाहीं. तिच्या मागें दीडशें वर्षांचा वाद, खटाटोप आणि कांहीं माणसांचें सबंध आयुष्य उभें आहे. तो इतिहास थोडक्यांत आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

कोंकणाला गाण्याचें वावडें कधींच नव्हतें. देवळांतलें कीर्तन, गांवोगांवचीं भजनें, नमन-खेळे, दक्षिणेकडचे दशावतार, जात्यावरच्या ओव्या हें सर्व पूर्वापार चालत आलेलें आहे. पण रागदारी शिकावयाची म्हटली, कीं मुलाला घर सोडावें लागे. सावंतवाडी संस्थानांत जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझे यांना विद्येसाठीं थेट ग्वाल्हेर गांठावें लागलें, आणि तेथें निसार हुसेन खां यांच्यापाशीं राहून, हाल सोसून ती मिळवावी लागली. त्यांच्या आधीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं हीच वाट तुडविली होती. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविण्याचें मोठें श्रेय त्यांच्याकडे जातें.

गुरूच्या घरीं पाणी भरावें, बाजारहाट करावा, आणि गुरूची मर्जी प्रसन्न झाली म्हणजे एखादी चीज पदरांत पडावी, असा क्रम होता. अमुक रागांत ऋषभ कां वर्ज्य, असें विचारण्याची सोय नव्हती. यांत उस्तादांचा केवळ हेकटपणा होता, असें मात्र समजूं नये. शेतकऱ्याची जमीन, सराफाची तिजोरी, तशी गवयाची चीज. ती सर्वांना वाटून टाकली, तर मुलांनीं खावें काय ? दरबार बुडत चालले होते, आणि नवे आश्रयदाते अद्याप दिसत नव्हते.

अशा स्थितींत शहरांतील सुशिक्षितांना गायनाच्या सार्वजनिक शिक्षणाची कल्पना सुचली. मुंबईस १८७० सालीं पारशी मंडळींनीं गायन उत्तेजक मंडळी काढली. १८७४ सालीं पुणें गायन समाज निघाला. परंतु वर्ग, क्रम आणि पुस्तकें यांची नीट सांगड घालणारी शाळा सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें बडोद्यास १८८६ सालीं सुरू झाली, आणि तिचे चालक होते मौलाबक्ष. त्यांनीं स्वरलिपि बनविली आणि पाठ्यपुस्तकें छापविलीं. ‘मुसलमान उस्तादांनीं विद्या दडपून ठेविली’ असें सरसकट बोलणाऱ्यांनीं हें नांव अवश्य ध्यानांत ठेवावें.

यानंतर दोन विष्णु पुढें आले. पहिले विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झाली, आणि शाळेचा मार्ग खुंटल्यावर मिरजेस बाळकृष्णबुवांच्या हाताखालीं गाणें सुरू झालें. १८९६ मध्यें ते मिरज सोडून बाहेर पडले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. या संस्थेचा आधार एखादा राजा नव्हता, तर लोकांची वर्गणी होती. १९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली. पुढें मुंबईची टोलेजंग इमारत कर्जापायीं हातची गेली, तरी पंडितजींचे शिष्य देशभर पसरले ते पसरलेच. १९३१ सालीं ते वारले, आणि त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलें. गांवोगांवच्या मुलांना ठाऊक असलेल्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा त्याच मंडळाच्या.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६०, मुंबईचा. हे वकील, आणि वकिलाचीच बुद्धि त्यांनीं संगीताला लाविली : साक्षीपुरावा गोळा करावा, परस्परविरोध टिपावा, आणि मग निकाल द्यावा. पत्नी व कन्या निवर्तल्यावर १९०४ सालीं ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. तेथें व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांच्या पद्धतीचा त्यांनीं कसून अभ्यास केला. मग उत्तरेकडील रागांसाठीं त्यांनीं दहाच थाट पुरेसे मानले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाचे चार भाग निघाले. तो गुरु-शिष्यांच्या संवादरूपानें लिहिलेला आहे. ज्या ‘कां’ ला उस्तादाच्या घरीं मज्जाव होता, तो ‘कां’ तेथें शिष्य मोकळेपणानें विचारतो. १९१६ सालीं बडोद्यास त्यांनीं अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, आणि पुढें ग्वाल्हेर व लखनौ येथील विद्यालयांचे अभ्यासक्रम त्यांच्या हातून घडले.

दोघांचें ध्येय एक, पण खुणा निराळ्या. पलुसकरांच्या लिपींत समेला १ आणि खालीला अधिकाचें चिन्ह. भातखंड्यांच्या लिपींत समेला गुणाकाराचें चिन्ह आणि खालीला शून्य. म्हणजे एका पुस्तकांत जी फुली खाली दाखविते, तशीच दुसऱ्या पुस्तकांतील किंचित् तिरपी फुली सम दाखविते ! दोन्ही पुस्तकें चाळणाऱ्या विद्यार्थ्याची त्रेधा उडावी, यांत आश्चर्य कसलें ? श्रुतींचा वाद तर याहूनहि तिखट होता. सांगलीचे कृ. ब. देवल यांनीं बावीस श्रुतींचें गणित १९१० सालीं पुस्तकरूपानें मांडलें, आणि श्रुतींची पेटीहि तयार झाली. पण भातखंड्यांना तें पटलें नाहीं. इकडे शाळांतून सर्वत्र साधी बारा स्वरांची पेटीच बसली. नभोवाणीनें १९४० सालीं त्याच पेटीवर बंदी घातली, आणि ती १९७१ सालीं शिथिल होऊं लागली. तीस वर्षें जें वाद्य नभोवाणीला वर्ज्य, तेंच शाळेला अपरिहार्य, असा हा प्रकार !

आतां जमाखर्च मांडूं. जमेच्या बाजूस पहिली रक्कम ही, कीं कोणत्याहि घराण्यांत न जन्मलेल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, विद्येचें दार उघडलें. गाणें म्हणजे कुलीनांना न शोभणारा धंदा, ही समजूत शाळेनें जितकी मोडली तितकी व्याख्यानांनीं मोडली नसती. पण खर्चाची बाजूहि कोरी नाहीं. प्रतिष्ठा मिळविण्यासाठीं पलुसकरांनीं शृंगारिक चिजांचे शब्द बदलून तेथें भक्तिपर शब्द घातले. ज्या कलावंतिणींनीं पिढ्यान्‌पिढ्या गाणें सांभाळलें, त्यांना या नव्या वर्गांत सहसा मानाची जागा मिळाली नाहीं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतील शेंकडों चिजा उस्तादांच्या गळ्यांतून आल्या. जयपूरच्या महंमद अली खां यांच्या घराण्यानें आपलें भांडार त्यांना उघडून दिलें, आणि रामपूरचे वजीर खां यांच्यापाशींहि ते शिकले. पुस्तक घेणाऱ्याच्या मुखीं मात्र बहुधा एकाच पंडिताचें नांव येतें.

राहिला नेहमींचा आक्षेप : ‘शास्त्र शिकून कोणी गवई झाला आहे काय ?’ झाला नाहीं, हें कबूल. पण व्याकरण शिकून तरी सगळे कवि कोठें होतात ? व्याकरणानें वाचक घडतो. संगीतशास्त्रानें श्रोता घडतो. दरबार गेल्यावर या कलेचा पोशिंदा श्रोताच आहे. धोका आहे तो दुसरा. अलीकडे शास्त्रीय संगीताच्या परीक्षांबद्दल शालान्त परीक्षेंत वाढीव गुण मिळतात, आणि त्या गुणांसाठींच वही पाठ होऊं लागली, तर गंधार हा उत्तरपत्रिकेंतला एक शब्द होऊन बसेल. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पांच. वादी बदलला कीं राग बदलतो. हें लिहिण्यास एक ओळ पुरते, पण ऐकूं येण्यास कान लागतो, आणि कान तयार होण्यास वेळ लागतो.

म्हणून पालकांना एवढीच विनंति. मुलांनीं व्याख्या पाठ केली, कीं तोच राग त्यांना कोणा चांगल्या गायकाच्या कंठांतून ऐकवावा, आणि ती चीज कोणत्या घराण्याकडून आपणांपर्यंत आली, हेंहि सांगावें. मौलाबक्ष, दोन विष्णु आणि चिजा देणारे ते उस्ताद यांचें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाहीं.