नफ्ल रोजा
रमजानच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, रोज्यांखेरीज मुसलमान स्वेच्छेने धरतात तो उपवास. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातील सहा दिवस, जिल्हजची नववी (अरफा), मोहरमची दहावी (आशुरा), सोमवार-गुरुवार आणि चांद्रमासाची १३, १४, १५ तारीख हे प्रमुख दिवस. दोन्ही ईद व बकरी ईदनंतरचे तीन दिवस रोजा निषिद्ध.

ठाणे-कल्याण पट्ट्यात इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा, शाफई आणि हनफी, शेजारी नांदतात. कल्याण, मुंब्रा, भिवंडीतले कोकणी मुसलमान मुख्यतः शाफई. उत्तरेतून आलेली कुटुंबे बहुधा हनफी. नफ्ल रोजा मध्येच सोडल्यास हनफी मतानुसार कजा, म्हणजे भरपाईचा रोजा, आवश्यक. शाफई मतानुसार नाही.

रमजानात मुंब्रा-कौसा संध्याकाळी खजूर, फळे, भज्यांनी गजबजते. शव्वालात तो थाट नसतो. लोकलमध्ये शेजाऱ्याने वडापावची पुडी उघडली तरी रोजेदार गप्प. आध्यात्मिक लाभाचे मर्म इथेच असावे: दिखाव्यापासून सुटका, नफ्सवर, म्हणजे मनाच्या वासनांवर, ताबा आणि तकवा, म्हणजे ईश्वरभान. अरफाच्या रोज्याने मागील व पुढील वर्षाचे गुनाह माफ होतात, अशी हदीस आहे. पहाटेपासून काही खाल्ले-प्यायले नसेल, तर नफ्लची नियत, म्हणजे संकल्प, दुपारपूर्वीही करता येते. ही सवलत दोन्ही परंपरांना मान्य आहे.